दादाच्या बाजूची लाइन

३ फेब्रुवारी

फोन कंपनीचं पत्र आलं. तारांची जुनी लाइन एकतीस मार्चला कायमची बंद. वर लिहिलंय, ‘आमच्या सन्माननीय ग्राहकांच्या सोयीसाठी’. माझी सोय मला कुणी विचारली?

बत्तीस वर्षं मी एका कारखान्याच्या स्विचबोर्डवर बसले. निवृत्त झाले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘दवाखान्याच्या अपॉइंटमेंट घरून घ्याल का?’ तेव्हापासून सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा मी पुढच्या खोलीत फोनपाशी असते. अकरा वर्षं झाली. आमच्या घरचा नंबर बाईंच्या प्रत्येक चिठ्ठीवर छापलेला आहे. निम्म्या पेशंटांना ते बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी तो पाठच करून टाकलाय. नंबर गेला की माझं काम गेलं.

हे म्हणाले, “मोबाइलवर घे की.” आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे ह्यांना सगळे रस्ते सरळ दिसतात. मी म्हटलं, मोबाइलवर समोरच्याचा श्वास ऐकू येत नाही. श्वास ऐकला की मला कळतं, माणूस घाबरलाय की नुसता घाईत आहे. माझा कान अजून शाबूत आहे.

सकाळी आठला दादाचा फोन ठरलेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बसने चार तासांवर एकटाच राहतो, वहिनी गेल्यापासून. छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दोघांकडे एकच पेपर येतो, त्यातलं शब्दकोडं आम्ही फोनवर सोडवतो. त्याला पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, “सन्माननीय नीट लिहिलंय का?”

“लिहिलंय.”

“मग निम्मं काम चोख आहे त्यांचं.”

नंबर राखायचाच. पदर खोचला आहे.

६ फेब्रुवारी

याला इंटरनेट फोन म्हणतात. ह्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. आपल्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतात, ते इंटरनेटवरून धाडतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात.

“आणि मधे एखादा तुकडा हरवला तर?” मी विचारलं.

“तर तेवढा शब्द गाळला जातो.”

हे मला मुळीच आवडलेलं नाही.

परवा दादाच्या डोक्याला फडताळाचं दार लागलं. वरून शब्दकोश काढत होता म्हणे. “दुसरा खंड बाहेर यायला तयारच नव्हता,” असं म्हणून हसला. टेंगूळ आलंय. बर्फ लाव म्हटलं.

१० फेब्रुवारी

तीन कंपन्या पाहिल्या. एकीतली मुलगी इतकी गोड बोलते की ती कंपनी ‘गोडबोली’. दुसरीच्या पाट्या चौकाचौकात लागल्यात, ती ‘दांडगी’. तिसऱ्या कंपनीचं आमच्या भागातलं दुकान एक चष्मेवाले गृहस्थ एकट्याने चालवतात. एक छोटी डबी देतात. उद्या आजारी पडले तर दुकान बंद. त्यांच्यावर फुली.

वहीत प्रश्न मांडले. जुना नंबर मिळेल का? वीज गेली तर किती वेळ चालेल? तक्रार ऐकायला जिवंत माणूस किती मिनिटांत येतो? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शब्द पूर्ण पोचतो का?

हे म्हणाले, “नवरा निवडताना एवढी चौकशी केली नव्हतीस.”

“म्हणूनच आता करतेय.”

दोन्ही कंपन्या आधी महिनाभर तात्पुरत्या नंबरावर वापरून बघा म्हणतात. पसंत पडली तर आपला जुना नंबर तिकडे हलवायचा. अर्ज पंचवीस मार्चच्या आत गेला पाहिजे.

१५ फेब्रुवारी

गोडबोली नापास. माझाच आवाज मला अर्ध्या सेकंदाने परत ऐकू येतो. विहिरीत बसून बोलल्यासारखं वाटतं. फोन करून सांगितलं तर ती मुलगी म्हणाली, “मॅडम, सवय होईल.” मी म्हटलं, बाळ, सवय व्हायला मी सून म्हणून आलेली नाही, गिऱ्हाईक म्हणून आलेय.

हे शेजारच्या खोलीत हसत होते, ते मात्र मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

२० फेब्रुवारी

दांडगी बसवली. पांढरा डबा, त्यावर चार हिरवे दिवे. जुनाच फोन त्याला जोडला आणि जुन्या नंबरावर येणारे पेशंटांचे फोनही त्याच्यावर वळवून घेतले.

ह्यांना मोबाइल देऊन कोपऱ्यावर पाठवलं आणि यादीतले शब्द उलटसुलट वाचायला लावले. पाणी, वाणी, गाणी, राणी. वीसच्या वीस बरोबर उतरवून घेतले. मागून गेलेली स्कूटरसुद्धा ऐकू आली. प्लग उपटला, तरी आतल्या बॅटरीवर तीन तास चालला. फक्त जिवंत माणूस यायला चौदा मिनिटं वाद्यसंगीत ऐकावं लागलं.

बहुतेक हीच ठरणार.

२३ फेब्रुवारी

दादाला तात्पुरता नंबर दिला होता, त्यावर आज त्याने पहिल्यांदा फोन केला. मी वाचलं, ‘बागेची निगा राखणारा, दोन अक्षरी.’ तो म्हणाला, “गाळी.”

“माळी ना?”

“तेच म्हणालो.”

मग एका वाक्याच्या मधेच काही नाही. मोजले, चार सेकंद. नंतर पुढचे शब्द आले. म्हणजे तुकडे हरवतायत! वीस शब्दांची परीक्षा पास झालेला फोन दादापाशी येऊन अडखळतो, याला काय म्हणायचं?

दांडगीकडे तक्रार नोंदवली. पहिली.

२६ फेब्रुवारी

आठ वीस झाले तरी दादाचा फोन नाही. मीच लावला. म्हणाला, “तू करणार होतीस ना?” इतक्या वर्षांत फोन नेहमी त्याचाच येतो. नव्या नंबराने त्याचा गोंधळ उडाला असणार.

लाइन आज फारच वाईट. “वाचायला चमचा सापडत नव्हता,” असं ऐकू आलं. चष्मा म्हणाला असणार. शेवटाकडे आवाज लांबल्यासारखा, ओढल्यासारखा येतो. डोकं जड आहे म्हणाला. वारं लागलं असेल.

तक्रार दुसरी. यावेळी लेखी. तारीख, वेळ, हरवलेला शब्द, सगळं दिलं.

१ मार्च

दांडगीचा माणूस आला. बसक्या आवाजाचा, पण कामाला पक्का. यंत्र लावून तासभर बसला. म्हणाला, “ताई, एकही तुकडा हरवत नाहीये. बाकीच्या फोनांवर त्रास होतो का?”

नाही होत. काल चौदा पेशंट बोलले. एकाचाही शब्द पडला नाही.

“मग तुमच्या बाजूला काही नाही. समोरच्या बाजूला बघा.”

समोरची बाजू! हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. दादाच्या गावातही तारा जुन्याच आहेत. कुठेतरी पाणी मुरलं असेल.

५ मार्च

आज कोडं नाही. पेपर आला नाही म्हणाला. आमच्याकडे आला होता.

८ मार्च

दादाच्या घरी दांडगीच बसवायची, असं ठरवलं. दोन्हीकडे एकच कंपनी असली की खापर फोडायला जागा उरणार नाही. दादा नको नको म्हणतो. “मला… हे नवीन… नको. आहे ते राहू दे.” किती शब्द हरवले बघा, एवढ्याशा वाक्यात!

मी ऐकलं नाही. अर्ज इथूनच भरला. त्याच्या खाली राहणाऱ्या शिंपीणबाईंना फोन करून सांगितलं, माणूस येईल तेव्हा दार उघडून द्या, तुमच्याकडे किल्ली असते. त्या म्हणाल्या, “बरं झालं तुम्ही फोन केलात. दादा हल्ली खाली उतरतच नाहीत. परवा दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.”

मी म्हटलं, त्याचं लक्ष नेहमी पुस्तकात असतं.

हे जेवताना म्हणाले, “एकदा जाऊन ये ना तिकडे.”

“लाइन लागू दे, मग जाते. आत्ता गेले तर दवाखान्याचे फोन कोण घेणार?”

हे ताट घेऊन उठले. ह्यांना हल्ली माझ्या कामाचा कंटाळा आलाय की काय, कळत नाही.

१२ मार्च

तक्रार सहावी. उत्तर आलं, ‘आपल्या लाइनमध्ये कोणताही दोष आढळला नाही.’ मी उलट लिहिलं, दोष मी माझ्या कानांनी ऐकते आहे. मी हटणार नाही.

१७ मार्च

हे कालचं आहे. काल लिहायला वेळ नव्हता. दादाच्या गावच्या हॉस्पिटलमध्ये बाकावर बसून लिहितेय.

सकाळी साडेदहाला दांडगीचा तिकडचा माणूस दादाच्या घरी पोचला. काम सुरू करण्याआधी त्याने दादाच्या जुन्याच फोनवरून मला फोन लावला. “नमस्कार ताई, दादांच्या घरून बोलतोय. माझा आवाज येतोय ना नीट?”

येत होता. शेजारी बसल्यासारखा. त्याच्यामागे खाली चाललेलं शिवणयंत्रसुद्धा ऐकू येत होतं. मी गोंधळले. म्हटलं, “हा जुनाच फोन आहे ना? काही बदललं नाहीत ना अजून?”

“हात पण लावला नाही. लाइन एकदम स्वच्छ आहे. थांबा, दादांना देतो.”

मग त्याच रिसीव्हरवर दादा आला. “हां… बो… ते… ते…” पुढे नुसता आवाज. शब्दच नव्हता त्यात. आणि मागे शिवणयंत्र अखंड चाललं होतं, एकही टाका न गाळता.

मी खुर्चीचा हात धरला.

तो माणूस पुन्हा आला. हळू आवाजात म्हणाला, “ताई, लाइनचं काही नाही हो. दादांचंच काहीतरी बघा.”

यापुढचं मी कसं केलं, मला नीट आठवत नाही. हे सांगतात, माझा आवाज ड्यूटीवरचा झाला होता. मी त्या माणसाला म्हटलं, “फोन ठेवायचा नाही. दादाला खुर्चीत बसवा. दोन्ही हात वर करायला सांगा.”

“डावा केला. उजवा अर्ध्यावरून खाली येतोय.”

“त्याला पाणी, चहा काही देऊ नका. खिडकीतून शिंपीणबाईंना हाक मारा.”

दुसऱ्या कानाला ह्यांचा मोबाइल लावला, डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी त्या गावातलं हॉस्पिटल सांगितलं, तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांना स्वतः कळवलं. मी रुग्णवाहिका मागवली, पत्ता दोनदा सांगितला, जिन्याचं वळण अरुंद आहे तेही सांगितलं. एका कानात ते, एका कानात दादाचा श्वास. तो श्वास मी इतके दिवस कुठे ठेवला होता?

रुग्णवाहिका आली तशी शिंपीणबाई म्हणाल्या, “ठेवते आता फोन. मी जाते त्यांच्याबरोबर.”

त्या लाइन बसवणाऱ्या माणसाने दादाची खुर्ची खालपर्यंत धरली म्हणे. त्याचं नावही विचारायचं राहून गेलं.

बारा वाजता बसमध्ये बसले. हे म्हणाले, “फोन मी बघतो, तू जा.” चार तास खिडकीबाहेर बघितलं. काय दिसलं, सांगता येणार नाही.

१८ मार्च

आज सकाळी ऑपरेशन झालं. कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेर, रक्त साठत गेलं होतं. हळूहळू, थेंब थेंब. म्हातारपणी डोक्यावरचा लहानसा मारही पुरतो, त्यात दादा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो. दोन भोकं पाडून ते काढलं. डॉक्टर तरुण आहे, पण घाई न करता बोलतो.

काल त्याने विचारलं होतं, “त्रास कधीपासून?”

मी पिशवीतून वही काढली. तेवीस फेब्रुवारी, सकाळी आठ सात, चार सेकंद शब्द नाही. सव्वीस फेब्रुवारी, चष्म्याऐवजी चमचा. दोन मार्च, आवाज ओढलेला. पाच मार्च… पुढचं मी वाचलं नाही, वहीच त्याच्या हातात दिली. डॉक्टर म्हणाला, “इतकी चांगली नोंद फार क्वचित कुणी आणतं. तुम्ही नर्स होता का?”

मी म्हटलं, “नाही. टेलिफोन ऑपरेटर.”

ती नोंद मी कुणासाठी ठेवली होती, ते त्याला सांगितलं नाही.

शिंपीणबाईंनी दादाच्या घरातून कपडे आणले. घडी न मोडलेले पेपर दाराशी रचून ठेवलेले होते म्हणाल्या. रोज येत होते ते.

२१ मार्च

दादा बोलतो. सावकाश, शब्द शोधत, पण बरोबर शब्द. उजव्या हाताने माझी करंगळी दाबून दाखवली. डोक्याला बँडेज, दाढी वाढलेली. मुद्दाम हसवायला बघतो.

दुपारी खोलीत दोघंच होतो. मी सांगून टाकलं. “दादा, तीन आठवडे तू अडखळत होतास आणि मी कंपनीला पत्रं लिहीत होते.”

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, “पत्रं… शुद्ध लिहिलीस ना?”

मी रडायला लागले. त्याने थांबू दिलं. नंतर म्हणाला, “मला… कळत होतं. शब्द येत नव्हते. जन्मभर तेच काम केलं, आणि ते येत नव्हते. वाटलं, संपलं आता. तू म्हणालीस, लाइन खराब आहे.” इथे त्याने दम घेतला. “इतकं बरं वाटलं मला. म्हटलं, असू दे लाइनच खराब.”

म्हणजे आम्ही दोघं मिळून त्या लाइनीवर दोष ढकलत होतो. मी रागाने आणि तो भीतीने.

२३ मार्च

रात्री दादाच्या घरच्या फोनवर ह्यांचा फोन. आठवड्याभरात ह्यांनी दोन पेशंटांना एकच वेळ दिली आणि एका आजोबांना सुट्टीच्या दिवशी बोलावलं. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, चालायचंच. पण हे नेटाने बसतात फोनपाशी. म्हणाले, “तू ह्या लोकांशी इतकं शांत कसं बोलतेस गं? मला तर पहिल्या अर्ध्या तासातच धाप लागते.” एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल ह्यांनी पहिल्यांदा काही विचारलं.

मग मूळ प्रश्न. अर्जाला दोन दिवस उरलेत. दादाला निदान दोन महिने एकटं ठेवायचं नाही, आणि आमच्या घरी यायला तो तयार नाही. तेव्हा मी इथेच राहणार, हे पक्कं. म्हणजे नंबर तिकडे आणि मी इकडे.

“दांडगीला विचारलं,” हे म्हणाले. “त्यांचा डबा ज्या घरात बसवला तिथेच चालतो. मग त्या चष्मेवाल्याकडे गेलो.”

“ज्यांच्यावर मी फुली मारली?”

“तेच. ते म्हणाले, डबी काढा, कुठल्याही गावात, कुठल्याही इंटरनेटला लावा. तुमचा नंबर तिथे वाजेल. मग मी तिथेच बसून तुझ्या यादीतला शब्द न् शब्द तपासला. एकवीस शब्दांपैकी एकवीस.”

“वीस होते यादीत.”

“एक मी घातला,” हे म्हणाले. कुठला, ते काही सांगेनात.

आवाज, बॅटरी, जिवंत माणूस, सगळं मी विचारलं होतं. मला जावं लागलं तर काय, हे विचारायचं सुचलंच नाही. अर्ज भरायला सांगितला. डबीवाले.

२४ मार्च

अर्ज गेला. चष्मेवाल्यांनी स्वतः फोन करून कळवलं. दुसऱ्या रिंगला मी उचलला, तर दचकले बिचारे.

२९ मार्च

दादाला घरी आणलं. जिना चढायला वीस मिनिटं लागली. शिंपीणबाईंनी प्रत्येक पायरीवर एकेका शेजाऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या, त्यामुळे त्याला थांबायला निमित्त मिळालं.

दांडगीचा अर्ज रद्द केला. तक्रार विभागाला सातवं पत्र लिहिलं. दोष लाइनचा नव्हता, आपला माणूस फार चांगला आहे, त्याला हे कळवावं. उत्तर आलं, ‘आपली तक्रार नोंदवली आहे.’

३१ मार्च

हे पहाटे चारच्या पहिल्या बसने डबी घेऊन आले. दादाच्या टेबलावरच्या मुद्रितांच्या जुन्या चळती बाजूला केल्या, खालून शिंपीणबाईंकडून वर घेतलेल्या इंटरनेटला डबी लावली, फोन जोडला. नंबर रात्रीतून हलला होता. ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. डायल टोन होता, एकसारखा, कुठेही न तुटणारा. मी उगाचच थोडा वेळ ऐकत बसले.

नऊ वाजून सहा मिनिटांनी पहिला फोन. मोतीबिंदू झालेल्या एक बाई. घाबरलेल्या होत्या, श्वासावरून कळलं. ऑपरेशन दुखतं का, दिसेल का, मुलगा बरोबर येऊ शकेल का. मी एकेक सांगत होते, वहीत तारखा बघत होते. तेवढ्यात मागून दादाने काहीतरी म्हणायला सुरुवात केली. “अगं… ह्या…” आणि थांबला.

स्विचबोर्डवरच्या बत्तीस वर्षांत आणि नंतरच्या अकरा वर्षांत, घरच्या माणसासाठी मी एकाही फोनवाल्याला थांबवलं नव्हतं. आज म्हटलं, “बाई, एक मिनिट थांबता का? माझा भाऊ बोलतोय.”

“थांबते की,” त्या म्हणाल्या.

मी खुर्ची वळवली. हे दारात उभे होते, तेही हलले नाहीत. दादाने ओठ हलवले, पुन्हा मिटले. बोट वर केलं, म्हणजे येतंय. मी सेकंद मोजले नाहीत. पुढचा शब्द मला ठाऊक होता, तरी त्याच्या तोंडात घातला नाही.

“ह्या चहात,” दादा म्हणाला, “साखर… कमी आहे.”

“घालते,” मी म्हटलं.

मग बाईंना मंगळवारची साडेदहाची वेळ दिली.